जुन्या जीपच्या अंतर्भागाची रंगरंगोटी
डॅशबोर्ड उतरविण्याची पद्धत व घ्यावयाची काळजी

शेतीच्या अवजारांची निगा राखणे हा शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेला भाग आहे. नांगराचा फाळ हंगाम संपताच धुऊन, तेलाचा हात फिरवून ठेवला जातो. फवारणीचा पंप प्रत्येक वापरानंतर स्वच्छ केला जातो. परंतु याच शेतकऱ्याच्या दारी उभी असलेली जुनी जीप मात्र बहुधा बाहेरून धुतली जाते आणि आतून दुर्लक्षिली जाते. खताची पोती, भाजीच्या पाट्या, दुधाच्या किटल्या, ओले गोणपाट आणि चिखलाने भरलेले पाय हे सर्व तिच्या अंतर्भागातूनच जातात. म्हणून गंजही तेथेच प्रथम धरतो. बाहेरचा रंग चकाकत असताना आतील पत्रा पोखरला जावा, ही गोष्ट खेडोपाडी नित्य पाहावयास मिळते.

ग्रामीण भागाशी जीपचे नाते जुने आहे. विलीज कंपनीच्या जीपचे भाग आणून मुंबईत त्यांची जोडणी करण्याचे काम १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ ठिकाणी समूह विकास योजनेचा प्रारंभ झाला, तेव्हा विकास गटाची जीप ही गावोगावी ओळखीची झाली. तेव्हापासून आजवर या जातीच्या अनेक गाड्या तयार झाल्या. त्यांतील पुष्कळशा हातोहात विकल्या जाऊन अखेर शेतकऱ्यांच्या घरी आल्या व आजही कामास लागत आहेत. अशी गाडी म्हणजे बाजारची वाट आणि अडीअडचणीला दवाखान्याची वाट होय. तिचा तळ गळून पडणे किंवा रात्रीच्या प्रवासात डॅशबोर्डामागे तारा जळणे, ही केवळ पैशाची हानी नव्हे. म्हणूनच आतील रंगाचे काम शोभेसाठी करावयाचे नसून गाडीचे व तीत बसणाऱ्यांचे आयुष्य राखण्यासाठी करावयाचे असते, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

गंज कोठून येतो?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू हे तिघे एकत्र आले म्हणजे गंज धरतो. यांत क्षाराची भर पडली की तो अनेक पटींनी वेगाने पसरतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड होय. मिठाप्रमाणेच ते लोखंडास मारक आहे. युरिया व अमोनियायुक्त खते हवेतील ओलावा ओढून घेतात आणि पत्रा सदैव दमट ठेवतात. मोरचुदाचे उदाहरण तर द्राक्ष बागायतदारांस नित्य परिचयाचे आहे. बोर्डो मिश्रणात स्वच्छ कोयता बुडविल्यावर त्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला असे ते समजतात. हा तांबूस थर म्हणजे द्रावणातून बाहेर पडलेले तांबे असते आणि त्याच्या बदल्यात कोयत्याचे लोखंड द्रावणात गेलेले असते. फाटक्या पुडीतील मोरचूद जीपच्या ओल्या तळावर सांडले म्हणजे तेथेही नेमके हेच घडते.

दुसरे कारण डोळ्यांस दिसत नाही. समोरच्या काचेचे रबर जुने झाले किंवा वायपरच्या दांड्याजवळचे वायसर झिजले, म्हणजे पावसाचे पाणी डॅशबोर्डाच्या मागे उतरते आणि पत्र्याच्या आतील बाजूने ओघळत पायाखालच्या चटईत मुरते. तळ वरचेवर सुकवूनही चटई ओली का राहते, याचा उलगडा डॅशबोर्ड उतरविल्याखेरीज होत नाही. जो पाण्याची वाट न शोधता केवळ वरून रंग देतो, त्याचा रंग पुढच्याच पावसाळ्यात फुगून सुटतो. डॅशबोर्ड उतरविण्याचे खरे प्रयोजन हेच आहे.

कोणती गाडी घरी खोलावी, कोणती खोलू नये?

या लेखातील माहिती जुन्या बनावटीच्या जीप व तत्सम साध्या गाड्यांसाठी आहे. अशा काही गाड्यांत डॅशबोर्डाचा पत्रा शरीराशी कायमचा जोडलेला असतो. तेथे पत्रा न काढता त्यावरील मीटर, स्विच आणि ओढतारा तेवढ्या काढावयाच्या असतात. काही गाड्यांत तो स्क्रूंनी बसविलेला असतो व अखंड बाहेर येतो. ट्रॅक्टरचा मीटर-फलकही बहुधा स्क्रूंवरच असतो व त्यासही पुढील बहुतेक सूचना लागू पडतात.

नव्या मोटारींची गोष्ट मात्र वेगळी आहे. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. तिच्यात स्फोटक द्रव्य असते. चुकीच्या हाताळणीने ती उघडली तर समोरच्या माणसास गंभीर इजा होऊ शकते. ज्या गाडीच्या स्टिअरिंगवर वा डॅशबोर्डावर एअरबॅगची खूण असेल, तिचा डॅशबोर्ड घरी उघडू नये. ते काम कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेकडेच सोपवावे.

कामाची वेळ

हे काम आठ ते दहा दिवसांचे आहे. म्हणून पेरणी, काढणी किंवा बाजाराच्या ऐन गर्दीत ते हाती घेऊ नये. कोकणात दसऱ्यानंतर आणि देशावर मार्गशीर्ष ते माघ या काळात हवा कोरडी असते. तो काळ उत्तम. पावसाळ्यात दमट हवेमुळे रंग नीट वाळत नाही. वैशाखातील दुपारी तो वरून इतक्या लवकर वाळतो की आतून कच्चाच राहतो. शेजारी मळणी चालू असेल, तर उडणारा भुसा ओल्या रंगावर बसतो, हेही विसरू नये. गाडी बंद राहणार असल्याने घरी आजारी किंवा गर्भवती कोणी असेल तर दुसऱ्या वाहनाची सोय आधीच ठरवावी आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची माहिती घरातील सर्वांस द्यावी.

खोलण्यापूर्वी नोंद

उत्तम कारागीर पाना हाती घेण्यापूर्वी वही हाती घेतो. गाडी सुरू करून पुढील व मागील दिवे, ब्रेकचा दिवा, दिशादर्शक दिवे, हॉर्न, वायपर आणि प्रत्येक मीटर चालतो किंवा नाही हे पाहून लिहून ठेवावे. एखादा मीटर पूर्वीपासूनच बंद असेल, तर ती नोंद नसल्यास पुढे तो दोष आपल्याच हातून घडला असे वाटून व्यर्थ शोध करावा लागतो. किलोमीटरचा आकडाही लिहून ठेवावा.

त्यानंतर मोबाइलने डॅशबोर्डाच्या पुढील व मागील बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. छायाचित्रे असली तरी प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधणे सोडू नये. जुन्या गाडीतील तारांचे रंग उन्हाने व तेलाने ओळखू न येण्याइतके फिके झालेले असतात, आणि पूर्वीच्या मालकांनी मिळेल त्या रंगाची तार मध्येच जोडलेली असते. यास्तव तार तिच्या रंगावरून न ओळखता तिच्या जागेवरून ओळखावी. कापडी पट्टीवर ‘हॉर्न’, ‘डिझेल मीटर’, ‘अँमीटर डावी बाजू’ असे बॉलपेनाने लिहून पट्टी तारेस बांधावी. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगवेगळ्या आगपेटीत किंवा डबीत ठेवून तीवरही नाव घालावे.

बॅटरी सोडविण्याचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करून चाकांखाली दगड लावावेत व किल्ली काढून घ्यावी. यानंतरचे पहिले काम बॅटरी सोडविणे हे होय; त्यात क्रम चुकता कामा नये. बॅटरीची जी तार गाडीच्या सांगाड्यास जोडलेली असते, ती प्रथम काढावी. बहुतेक गाड्यांत ती ऋण बाजूची असते. काही जुन्या ट्रॅक्टरांत मात्र ती धन बाजूची असते, म्हणून डोळ्यांनी पाहून खात्री करावी.

या क्रमामागचे कारण सोपे आहे. दुसरी तार आधी सोडवू गेल्यास हातातील पाना चुकून पत्र्याला लागतो आणि बॅटरीचा संपूर्ण प्रवाह त्या पान्यातून वाहू लागतो. मोठी ठिणगी उडते, पाना लाल होतो आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो. सांगाड्याची तार आधी निघाली असेल, तर पाना पत्र्यास लागूनही काही होत नाही. पुन्हा जोडताना याच्या उलट, म्हणजे सांगाड्याची तार सर्वांत शेवटी जोडावी.

डॅशबोर्ड उतरविणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात घालावा. प्रथम स्विचांच्या मुठी काढाव्यात. त्या बहुधा बारीक स्क्रूने किंवा दाबाच्या खिळीने धरलेल्या असतात. चोकची आणि इंजिन बंद करण्याची ओढतार डॅशबोर्डातून जात असल्यास तिच्या मागील नट सैल करून ती मोकळी करावी. स्पीडोमीटरची केबल मागील दातेरी नट हाताने फिरवून सुटते. तिला तीव्र बाक देऊ नये, नाहीतर आतील दोर तुटतो.

तीन वस्तूंविषयी विशेष दक्षता हवी.

पहिली, तापमानदर्शक. काही जुन्या जीप व ट्रॅक्टरांत या मीटरपासून इंजिनापर्यंत बारीक तांब्याची नळी गेलेली असते. ही तार नव्हे. ती ईथरसारख्या सहज उडून जाणाऱ्या द्रवाने भरून कायमची बंद केलेली नळी आहे. ती कापली, मोडली किंवा घडी पडली, तर मीटर निकामी होतो. इंजिनाकडील टोक अलगद सोडवून मीटर, नळी व टोक अखंडपणे एकत्रच काढावे आणि मोठ्या वेटोळ्यात ठेवावे. ते टोक काढताना रेडिएटरमधील पाणी आधी कमी करून घ्यावे.

दुसरी, तेलाच्या दाबाचा मीटर. काही गाड्यांत इंजिनाचे तेल बारीक नळीने प्रत्यक्ष मीटरपर्यंत येते. नळी सोडविताना खाली फडके धरावे आणि उघडी टोके स्वच्छ चिंधीने बांधावीत. हा जोड पुन्हा बसविताना सैल राहिला, तर चालत्या गाडीत तेल गळते आणि ते न कळल्यास इंजिन बसते.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची, अँमीटर. जुन्या गाड्यांत बॅटरीकडून येणारा जवळजवळ सर्व प्रवाह या मीटरमधून जातो आणि त्या वाटेवर बहुधा फ्यूजही नसतो. त्याच्या जाड तारांपैकी एकीचे उघडे टोक पत्र्यास लागले, तर तार निखाऱ्यासारखी तापते व आग लागते. या तारांची टोके काढताक्षणीच चिकटपट्टीने गुंडाळावीत. कोणती तार डावीकडे व कोणती उजवीकडे हे लिहून ठेवावे. त्या उलटल्यास बॅटरी भरत असताना काटा रिकामी होत असल्याचे दाखवितो.

शेवटी डॅशबोर्डाचे स्क्रू काढावेत. गंजलेल्या स्क्रूवर थोडे डिझेल किंवा गंजउतारू तेल सोडून एक रात्र जाऊ द्यावी. डॅशबोर्ड सहज सुटत नसेल, तर तो ओढू नये. कोठेतरी एखादा स्क्रू दडलेला आहे असे समजून तो शोधावा. बळाचा वापर करणाऱ्याच्या हाती बहुधा तुटलेला कान व तुटलेली तार येते. डॅशबोर्ड निघाल्यावर काचेवर बाहेरून पाणी टाकून ते कोठून आत येते ते पाहावे, खडूने खूण करावी आणि रबर व वायसर बदलण्याची यादी करावी.

गंजाची परीक्षा

चटया व आसने काढून तळ साबणाच्या पाण्याने धुवावा. गाडीतून कीटकनाशके नेली जात असतील, तर हे धुणे घासकामाच्या आधी झालेच पाहिजे. अन्यथा त्यांचे अवशेष धुळीबरोबर श्वासात जातात. धुण्याचे पाणी विहिरीकडे, ओढ्याकडे किंवा जनावरांच्या पाणवठ्याकडे जाऊ देऊ नये.

गंजाच्या तीन अवस्था ओळखाव्यात. वरवरचा गंज घासताच निघतो व खाली उजळ पत्रा दिसतो. दुसऱ्या अवस्थेत देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात, परंतु पेचकसाच्या टोकाने दाबले असता पत्रा टणक लागतो. तिसऱ्या अवस्थेत टोक पत्र्यात घुसते. असा पत्रा कापून तेथे नवा तुकडा जोडला पाहिजे. भोकावर लांबी भरून रंग देणे म्हणजे कुजलेल्या तुळईला गिलावा करणे होय. वरून साफ दिसते, पण भार पडताच पाय खाली जातो.

वेल्डिंगपूर्वी एक गोष्ट पाहावीच पाहावी. जुन्या विलीज जातीच्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. टाकी रिकामी आहे म्हणून धोका नाही, ही समजूत घातक आहे. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतील वाफ अधिक सहजतेने स्फोट पावते. म्हणून टाकी पूर्णपणे काढून दूर नेल्याशिवाय तळावर वेल्डिंग करू देऊ नये. बॅटरीही गाडीतून बाहेर काढावी. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

घासकाम

जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ मध्ये केला. तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. पण जुन्या गाडीवरील रंग त्यापूर्वीचा असतो आणि गाड्यांचे रंग त्या नियमाच्या कक्षेत येतातच असे नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये आणि ज्योतीने जाळू तर मुळीच नये. पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासावे, नाकातोंडावर धूळ रोखणारा चांगला मास्क बांधावा आणि लहान मुलांस जवळ येऊ देऊ नये.

गुरांचाही विचार येथे करावयास हवा. गुरे नवीन वस्तू चाटून पाहतात. जुन्या रंगाचे पोपडे किंवा बॅटरीच्या जस्तासारख्या दिसणाऱ्या शिशाच्या पट्ट्या चाटून त्यांना शिशाची विषबाधा होते. अंधत्व, तोल जाणे, झटके ही तिची लक्षणे असून वासरे तीत लवकर दगावतात. यास्तव हे काम गोठ्याजवळ करू नये. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून सर्व पोपडे गोळा करावेत व ते शेणखताच्या खड्ड्यात कदापि टाकू नयेत.

गंजलेल्या जागी तारेचा ब्रश व ८० क्रमांकाचा पॉलिशपेपर, नंतर १२० ते १८० क्रमांकाचा वापरावा. खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फरिक आम्लयुक्त गंजनाशक मिळते. ते डब्यावरील सूचनेप्रमाणे, हातमोजे व चष्मा घालून लावावे. जेथे डिझेल वा तेल लागले असेल ती जागा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढावी, कारण तेलकट पत्र्यावर रंग धरत नाही. उघडा केलेला पत्रा एका रात्रीतही पुन्हा गंजू लागतो. म्हणून जेवढी जागा उजळ केली, तेवढीवर त्याच दिवशी प्रायमर चढविला पाहिजे.

प्रायमर, लांबी व रंग

रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात दोन पातळ हातांची बरोबरी करीत नाही. तो ओघळतो आणि आतून ओला राहतो. काही प्रायमरांत क्रोमेट असते व ते फुफ्फुसांस अपायकारक असल्याने घासताना मास्क आवश्यक आहे. लांबी प्रायमरवरच लावावी, उघड्या पत्र्यावर नव्हे. आणि ती पातळ थरांनी लावावी. वाळल्यावर ३२० ते ४०० क्रमांकाच्या पेपरने पाण्यात घासून, धुऊन, पूर्ण सुकवावे.

घरी ब्रशने काम करणाऱ्यास सिंथेटिक इनॅमल हा रंग सोयीचा होय. एका लिटरमध्ये एका हातास साधारणतः दहा चौरस मीटर पत्रा होतो. त्यावरून लांबी-रुंदी मोजून रंग आणावा. दोन हातांमध्ये डब्यावर दिलेला अवधी जाऊ द्यावा. गॅरेजमध्ये फवाऱ्याने देतात तो एन. सी. रंग निराळा असतो. इनॅमलवर एन. सी. रंग दिल्यास त्याचे तीव्र थिनर खालचा थर उचलते व रंगाला सुरकुत्या पडतात. तसेच एकाचे थिनर दुसऱ्यास चालत नाही. दोन डब्यांतील द्रव्ये मिसळून देण्याचे पॉलियुरेथेन रंग टिकाऊ असतात खरे. परंतु त्यांच्या फवाऱ्यातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेले फडके त्यापासून रक्षण करीत नाही. ते रंग योग्य साधने असलेल्या कार्यशाळेकडेच सोपवावेत. कोणताही रंग देताना विडी-काडी दूर ठेवावी आणि हवा खेळती असावी.

रंगाच्या निवडीत दोन गोष्टी पाहाव्यात. डॅशबोर्डाचा वरचा भाग गडद व चकाकी नसलेल्या रंगाचा असावा. चकचकीत किंवा फिका रंग दिल्यास त्याचे प्रतिबिंब दुपारी समोरच्या काचेत पडून चालकास रस्ता नीट दिसत नाही. दुसरे म्हणजे, जीपला लष्करी हिरवा रंग देण्याची हौस अनेकांस असते. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखलेला आहे. आतील रंगासोबत बाहेरचाही रंग बदलावयाचा झाल्यास नोंदणी पुस्तकातील नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून दुरुस्त करून घ्यावी. चासिस क्रमांकावर व त्याच्या पाटीवर रंग चढवू नये.

पुन्हा जोडणी

शेवटच्या हातानंतर रंग चार-पाच दिवस पक्का होऊ द्यावा. नंतर उलट क्रमाने जोडणी करावी. या वेळी होणाऱ्या तीन चुकांमुळेच बहुतेक काम बिघडते.

एक, अर्थिंग. जुन्या गाडीतील अनेक मीटर व दिवे आपला परतीचा प्रवाह पत्र्यातूनच पाठवितात. रंग विजेला वाट देत नाही. म्हणून नव्या रंगावर तसेच स्क्रू आवळले, तर मीटर बंद पडतात व दिवे मंद लागतात. जेथे अर्थिंगचे टोक बसते, तेथे नाण्याएवढी जागा घासून उघडी करावी, टोक आवळावे आणि वरून व्हॅसलीन लावावे.

दोन, रबरी कडी. पत्र्याच्या भोकातून जेथे तार जाते, तेथे रबराची कडी असते. ती जुनी, तडकलेली असल्यास नवी घालावी. कडीवाचून पत्र्याची धार हादऱ्यांनी तारेचे आवरण कापते आणि काही महिन्यांनी, नेमकी प्रवासात, तार पत्र्यास लागते.

तीन, फ्यूज. जळलेल्या फ्यूजच्या जागी जाड तार बांधणे म्हणजे राखणदारास घालवून दार उघडे ठेवणे होय. ज्या क्षमतेचा फ्यूज होता, त्याच क्षमतेचा बसवावा.

बॅटरी जोडण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. सर्व स्विच बंद ठेवून, बॅटरीचे सांगाड्याकडील टोक आणि तिची सुटी तार यांच्यामध्ये त्याच व्होल्टचा एक दिवा जोडावा. जुन्या साध्या गाडीत तो लागता कामा नये. तो भरपूर उजेडाने लागला, तर कोठेतरी तार पत्र्यास चिकटली आहे असे समजून ती शोधावी. दिवा विझलेला राहिला तरच तार कायमची आवळावी. त्यानंतर वहीतील नोंदीप्रमाणे एकेक दिवा, मीटर व हॉर्न तपासावा. इंजिन सुरू करून तेलाच्या जोडाखाली हात फिरवून पाहावा, इंजिन बंद करण्याची तार ओढताच ते बंद पडते याची खात्री करावी, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून कोणतीही तार त्यात अडकत नाही हे पाहावे. रस्त्यावर नेण्यापूर्वी एकदा अंधारातही दिवे पाहावेत.

पुढील निगा

एवढ्या श्रमाने दिलेला रंग टिकविणे हे रोजच्या सवयींवर अवलंबून आहे. तळातील पाणी जाण्याची भोके काडीने मोकळी ठेवावीत. खताच्या पोत्यांखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा व पोती उतरताच सांडलेले खत झाडून घ्यावे. ओले गोणपाट गाडीत ठेवू नये. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चटई उचलून तळ सुकवावा. रंगाचा टवका उडालेला दिसताच तेथे प्रायमर व रंगाचा ठिपका द्यावा. कीटकनाशके माणसे बसतात त्या भागात ठेवू नयेत. धान्य व पशुखाद्य यांच्या संपर्कात येतील अशा रीतीने ती नेण्यास कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये मनाई आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम एका गाडीपुरते न ठेवता प्रात्यक्षिकाचा विषय करावे. गावातील वायरमन, वेल्डर आणि दोन-चार गाडीमालक यांस एकत्र आणून एका जीपचा डॅशबोर्ड त्यांच्यासमोर उतरवावा. बॅटरी सोडविण्याचा क्रम, अँमीटरच्या तारांची बांधणी, टाकी दूर नेण्याची दक्षता आणि दिव्याची परीक्षा या चार गोष्टी प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने करवून घ्याव्यात. ऐकलेले विसरले जाते. हाताने केलेले राहते. शेतकरी बंधूंनीही नांगराच्या फाळास तेल लावताना दारच्या जीपची चटई एकदा उचलून पाहावी. गंज वरवरचा असतानाच दृष्टीस पडला, तर दोन डबे रंग आणि आठ दिवसांचे श्रम यांवर भागते. पेचकस आरपार जाईपर्यंत थांबणाऱ्यास मात्र तळाचा पत्राच नवा घालावा लागतो.